दाभण किती आत जातं

पुराच्या पाण्यात घरं पडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पूर टीव्हीवर पाहिलेला असतो. कृष्णाकाठच्या माणसाला विचारा. तो सांगेल, घरं पडतात ती पाणी उतरल्यावर. पाणी आत-बाहेर सारख्या उंचीवर उभं असतं तोवर भिंतीला दोन्ही अंगांनी आधार असतो. ते उतरलं की आधार गेला. मागे राहते ती आठवडाभर भिजून जड झालेली भिंत, जिच्या बुडातल्या मातीचा लगदा झालेला असतो. वरचं ओझं वाढलेलं आणि खालची ताकद गेलेली. मग लख्ख ऊन पडतं, माणसं खराटे-बादल्या घेऊन घरात शिरतात आणि नेमकं त्याच वेळी कुठल्या तरी बोळातून धप्पकन आवाज येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या गावभागात तो आवाज आम्ही इतक्यांदा ऐकला, की शेवटी शेवटी कोणी मानही वर करेना.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे आकडे सांगलीच्या पोरासोरांना पाठ असतात. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या सोप्यात, म्हणजे दारातून आत आल्यावरच्या पहिल्या खणात, ते मांडीभर होतं. 2019 ला ते 57 च्या पुढे गेलं आणि आमच्या दाराच्या वरच्या चौकटीला टेकलं. पुलावर चार फूट म्हणजे आकडा, घरात चार फूट म्हणजे मांडीपासून डोक्यापर्यंत. त्याच पुरात पलीकडे ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यापुढे घराचं गाऱ्हाणं सांगायला कोणाला तोंड नव्हतं, आणि तेच बरोबर होतं. पण गाऱ्हाणं नाही सांगितलं तरी घराचं काय करायचं हे ठरवावं लागतंच, आणि ते घाईनं ठरवायला लावणारी माणसं दाराशी रांग लावून उभी असतात.

आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चिखलात रचलेल्या भाजक्या विटांच्या दीड-पावणेदोन फुटी भिंती, सोप्यात आणि माजघरात सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, वर माडी आणि मंगलोरी कौलं. ऐंशीच्या दशकात थोरल्या काकांनी मागे स्लॅबचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर काढलं, आणि दर्शनी भिंतीला जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा केला. त्या काळी सगळेच करत होते. सिमेंट लावलं की घर ‘पक्कं’ होतं अशी समजूत होती.

पाणी गेल्यावर जो येई तो एकच विचारी, “ठेवायचं का पाडायचं?” मला आता वाटतं, घोळ त्या प्रश्नापासूनच सुरू होतो. जुनं घर ही एक वस्तू नसते. दगड, माती, लाकूड, चुना, सिमेंट, लोखंड अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या आणि वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी तिथे एकत्र नांदत असतात, आणि पाण्यानं त्या प्रत्येकाचं वेगळं काहीतरी केलेलं असतं. त्या सगळ्यांना मिळून एकच हो किंवा नाही विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा ‘पाडा’ असंच येतं. कारण पाहणाऱ्याचा डोळा सगळ्यात वाईट भागावर जातो आणि तोच घराचा निकाल ठरतो.

आमच्याकडे पहिला आला तो पाडकामाचा ठेकेदार. उंबऱ्याच्या आत पाऊलही न टाकता म्हणाला, “यात काय राहिलं नाही आता.” माजघराची एक आडवी भिंत ढासळली होती, त्यामुळे त्याचं म्हणणं कोणाला खोटं वाटेना. मग तो म्हणाला, “पाडायचे पैसे नकोत मला. लाकूड तेवढं माझं.” पूर गेल्यावर असे बरेच जण गावभागातून फिरत होते. कुठल्या वाड्याचे खांब किती जाडीचे, दरवाजाला पितळी फुल्या आहेत का, हे त्यांना घरमालकांपेक्षा चांगलं माहीत असतं. ज्या घरात काही राहिलं नाही त्याच्या लाकडासाठी माणूस फुकट राबायला तयार आहे, म्हणजे काय राहिलंय ते त्याला नीट दिसलंय, एवढं माझ्या डोक्यात शिरलं.

दुसरा प्रकार पंचनाम्याचा. यात आलेल्या कर्मचाऱ्याचा काही दोष नाही. त्याला एका दिवसात दोन-तीन गल्ल्या उरकायच्या होत्या. पण सरकारी मदतीचा तक्ताच असा असतो की घर जितकं जास्त पडेल तितकं बरं वाटू लागावं. 2021 च्या पुरानंतर राज्य सरकारनं जे दर लावले ते पाहा. पूर्ण नष्ट झालेल्या घराला दीड लाख, निम्म्या पडझडीला 50 हजार, पाव पडझडीला 25 हजार, त्याहून कमी असेल तर 15 हजार. आता समजा, पाव पडलेलं घर डागडुजी करून पुढची पन्नास वर्षं उभं राहू शकतं. त्याला लागणारा खर्च 25 हजारांत कुठून भागणार? त्यापेक्षा उरलेल्या भिंतींनाही एक धक्का द्यावा, दीड लाख घ्यावेत आणि पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या कराव्यात, हा हिशेब हातावर पोट असलेल्या माणसाला सरळ दिसतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. किती चांगली घरं या तक्त्यापायी पडली असतील, याची नोंद मात्र कुठल्या पंचनाम्यात होत नाही. आणि ‘कच्चं का पक्कं’ या रकान्यात आमचं घर बसवायचं कुठे? भिंतीत चिखल आहे म्हणून कच्चं म्हणावं, तर खांब दोन्ही हातांच्या कवेत मावत नाही.

तिसरे घरचे. पुण्याच्या चुलतभावाला फोटो पाठवले, त्याचं लगेच उत्तर आलं, “आता तरी बिल्डरला देऊन टाकू.” थोरले काका म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत नको.” प्रॉपर्टी कार्डावर इतकी नावं आहेत की त्यांतली काही माणसं आम्ही लग्नकार्यातसुद्धा पाहिलेली नाहीत. घर पाडायला सगळ्यांच्या सह्या लागतात. न पाडायला एकही सही लागत नाही. खरं सांगायचं तर आमचं घर सुरुवातीला त्या एवढ्याच कारणानं वाचलं.

मग सुतारमामा आले. यांच्या वडिलांनी आमच्या माडीचा जिना केला होता. त्यांच्या पिशवीत पटाशी, छोटा हातोडा, ओळंबा आणि एक दाभण होतं. दाभण म्हणजे हळदीची पोती शिवायचं असतं तेच, सांगलीत कुठंही मिळतं. भिंतींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सोप्यातल्या पहिल्या खांबापाशी उकिडवे बसले, बुडाशी साचलेला गाळ बोटानं खरवडून काढला, उथाळ्याचा दगड उघडा केला आणि दगड जिथे संपतो व लाकूड सुरू होतं तिथे दाभण टेकवून दाबलं. गेलं नाही. चारी बाजूंनी दाबलं. मग हातोडीनं खालून वर ठोकत गेले. खालून वरपर्यंत एकच टणक आवाज. “ह्यो अजून माझ्या नातवाला पुरंल,” म्हणाले आणि दुसऱ्याकडे सरकले.

असं करत सगळे खांब झाले. माजघरातल्या मोरीजवळच्या खांबात मात्र दाभण निम्म्याहून जास्त आत गेलं आणि बाहेर काढलं तेव्हा त्याला ओला भुसा लागून आला. मामांनी तो बोटांत चोळून वास घेतला. “ह्यो पुरानं न्हाई कुजला. ह्यो मोरीच्या पाण्यानं कुजलाय, धा-पंधरा वर्षं झाली आसतील. पूर आला म्हनून तुमाला दिसला.” सागवान आठवडाभर पाण्यात राहिलं म्हणून कुजत नाही. सतत ओलं-कोरडं होत राहिलं, वारा लागला नाही, तर कुजतं. पुराच्या नावावर घरातली कितीतरी जुनी दुखणी खपवली जातात.

मी पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं. मामा हसले. “आवं दादा, ती भिंत म्हंजे नुस्ता आडोसा. तिच्यावर काय हाय वर? बघा की.” वर पाहिलं तर खरंच, तुळई या खांबावरून त्या खांबावर गेलेली, भिंतीला शिवतही नव्हती. भिंत पडली तेव्हा माडी तसूभरही हलली नव्हती. पण पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीपाशी त्यांचा सूर बदलला. “ही आडोसा न्हाई. हिच्यात कड्यांची टोकं बसल्यात. हिला हात लावायचा तर आदी टेकू द्यायचं.” एकाच घरातली एक भिंत पडली तरी चालते आणि दुसरी वीतभर हलली तरी माडी खाली येते, हे दारात उभं राहून कळत नाही. त्यासाठी मान वर करून कडी कुठे टेकलीय ते एकेक करून बघावं लागतं. खांबाखांबातून सगळा भार जोत्यावर उतरवायची ही रीत आपल्याकडच्या वाड्यांची मूळ ताकद आहे. त्या घरात राहूनसुद्धा ती माझ्या कधी लक्षात आली नव्हती, कारण लहानपणापासून खांब म्हणजे लपाछपीतलं राज्य घ्यायची जागा.

भिंतींचा निकाल इतक्या लवकर लागत नाही. इथे थांबावं लागतं, आणि थांबणं हेच सगळ्यात अवघड जातं. मिरजेकडचे एक वयस्क गवंडी आम्हाला मिळाले, चुन्यात काम केलेले. त्यांनी आल्या आल्या एकच काम सांगितलं, दर्शनी भिंतीचा सिमेंटचा गिलावा खाली कमरेपर्यंत फोडून काढा. आम्हाला वाटलं, तेवढाच तर शाबूत दिसतोय. छिन्नी लावली तर पापुद्रा सुटावा तशी जाळीसकट मोठी फळीच निघून आली, आणि मागची माती अजून ओली होती. पाणी जाऊन महिना उलटला होता, बाहेर कोपऱ्यावरची नवी घरंसुद्धा वाळली होती, आणि आमच्या भिंतीनं आपल्या पोटातलं पाणी सिमेंटमागे धरून ठेवलं होतं. मातीची आणि चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आत येते तशी बाहेरही जाते. सिमेंटनं ती वाट बंद होते. मग पाणी वर चढतं, जिथे गिलावा संपतो तिथे बाहेर पडतं आणि पांढरा लोणा सोडून जातं. आमच्या भिंतीला वर्षानुवर्षं छातीच्या उंचीवर लोणा यायचा आणि आम्ही त्यावर दर दिवाळीला डिस्टेंपर मारायचो.

गवंड्यांनी दुसरं सांगितलं, पंखे लावून, हॅलोजन पेटवून भिंत वाळवू नका. दारंखिडक्या उघड्या ठेवा आणि गप्प बसा. पावणेदोन फुटी भिंत एवढी भिजल्यावर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरती वाळत नाही. तोवर जिथे जिथे तडा आहे तिथे त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं आडव्या चिकटवल्या आणि बाजूला पेन्सिलीनं तारीख टाकली. काच फुटली तर तडा अजून चालतोय, शाबूत राहिली तर जे व्हायचं ते होऊन गेलं. कृष्णाकाठची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आक्रसते, त्यामुळे पुरात न गेलेले तडे मार्च-एप्रिलमध्ये जातात. ऑगस्टमध्ये लिहून दिलेला कुठलाही दाखला, ‘सुरक्षित’ असो वा ‘धोकादायक’, म्हणून अर्धवटच असतो. ओळंब्यात पोट आलेली भिंत किंवा बुडातून सरकलेला खांब दिसला तर अर्थातच त्याच दिवशी बाहेर पडायचं. तिथे वाट बघण्यात शहाणपणा नाही. पण अशी स्थिती नसताना ‘आत्ताच्या आत्ता सांगा’ म्हणणाऱ्याला सांगण्यासारखं खरं उत्तर कोणाकडेच नसतं.

आणखी एक भानगड सांगलीचीच म्हणावी अशी. हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवायची पद्धत होती. 2005 च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि त्यांतली बरीचशी कायमची गेली. आमच्याही माजघराखाली धान्याचं एक छोटं पेव होतं, आजीच्या काळात बुजवलेलं. बुजवलेलं म्हणजे वर फरशी घातलेली, एवढंच. पाणी गेल्यावर तिथली फरशी खचली. तो खड्डा मोरीजवळच्या त्या कुजक्या खांबापासून जेमतेम तीन हात. जुन्या घरात पाणी शिरलं असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी हे विचारावं, की इथे कधी आड, पेव, तळघर होतं का. कुठल्याही नकाशात ते सापडत नाही. आमच्याकडे आत्याला आठवलं, तेही ती लहानपणी त्यात पडली होती म्हणून.

2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या घरी मदतीला गेलो होतो. तिथली गोष्ट निराळी. वाशिष्ठीचं पाणी 22 जुलैला पहाटेच शिरलं, बघता बघता पहिल्या मजल्याला लागलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बरंचसं उतरलंही. घर जांभ्याचं. चिरा भिजतो पण विरघळत नाही, त्यामुळे भिंती जागच्या जागी उभ्या. आतलं मात्र काही म्हणजे काही उरलं नव्हतं, सगळीकडे ढोपरभर चिखल. तिच्या घराबद्दल ‘वाचेल का’ हे कोणी विचारलंही नाही, आणि तरीही तिचं नुकसान आमच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. देशावरचं पाणी हळू येतं, सामान माडीवर न्यायला वेळ देतं, पण मग उठायचं नाव घेत नाही. कोकणातलं झडप घालून निघून जातं. म्हणून मातीच्या घराला पाणी किती उंच आलं यापेक्षा किती दिवस बसलं हे आधी विचारायचं.

त्याच आठवड्यात इकडे कृष्णाही पुन्हा चढली, 55 फुटांच्या आसपास. आमच्या सोप्यात छातीभर पाणी. तोवर घराचं काम बऱ्यापैकी झालेलं होतं. पश्चिमेची भिंत टेकू देऊन, एका वेळी हातभर रुंदीचा तुकडा काढून, बुडापासून कमरेपर्यंत काळ्या दगडात आणि चुन्यात पुन्हा बसवली होती. शेजारचा तुकडा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, त्यामुळे ते काम संपता संपेना. मोरी तिथून हलवली होती. कुजक्या खांबाचं बूड कापून नव्या सागवानाचा तुकडा खाचेत बसवला होता आणि पेव मुरूम-दगडानं खरोखरीचं भरलं होतं. पडलेली आडवी भिंत पुन्हा बांधलीच नाही. माजघर मोठं झालं आणि वारा खेळू लागला. विजेची बटणं सगळी डोक्याच्या वर नेली. या सगळ्याला नव्या बांधकामाच्या निम्म्याहून कमी खर्च आला, पण मिळालेल्या मदतीच्या कितीतरी पट.

त्या दुसऱ्या पाण्यात चुन्यातली भिंत भिजली आणि संक्रांतीपर्यंत वाळलीही. लोणा नाही, काच फुटली नाही. दर्शनी भिंतीवर कमरेच्या वर काकांच्या आग्रहापोटी सिमेंट ठेवलं होतं, ते पाणी लागलं तिथपर्यंत पुन्हा सुटलं. सगळ्या काचा फुटल्या त्या मागच्या स्वयंपाकघरात, म्हणजे घरातल्या वयानं सगळ्यात लहान आणि एकुलत्या एका ‘पक्क्या’ भागात. त्याचा पाया भरावावर उथळ घातलेला, जुन्या घराचा खाली मुरमापर्यंत गेलेला. स्लॅबमधली सळई गंजून काँक्रीट खाली पडू लागलं होतं. तो भाग आम्ही पाडला. त्याबद्दल कोणाचं दुमत झालं नाही, चुलतभावाचंसुद्धा.

त्याचं मुख्य म्हणणं मात्र आजही तेच आहे, आणि ते मी उडवून लावत नाही. नदीच्या कडेनं जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल रेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. कागदावरची ही वर्षं आमच्या वाट्याला 2019 आणि 2021 अशी लागोपाठ आली. तो म्हणतो, घर उभं राहील रे, पण दर पुराला सामान माडीवर कोण चढवणार? काका आता ब्याऐंशीचे आहेत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद, 2019 च्या पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल, धरणांतून पाणी कधी सोडायला हवं होतं, यावर आमच्या कट्ट्यावर रात्र-रात्र बोलणं होतं. पण त्यातलं काहीही आमच्या हातात नाही. घर वाचू शकतं का, याचं उत्तर दाभणानं आणि काचेच्या पट्टीनं मिळालं. तिथे राहायचं का, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पूर गेल्या गेल्या लोक ते एकात मिसळतात म्हणून मला ते इतक्या सविस्तर लिहावंसं वाटलं.

सध्या आम्ही राहायचं सगळं माडीवर नेलंय, स्वयंपाकसुद्धा. खालचा सोपा आणि माजघर मोकळं असतं, एक लाकडी बाक, एक सायकल आणि काकांची आरामखुर्ची सोडली तर उचलायला काही नाही. जिना चढणं काकांना जड जातं, म्हणून ते दिवसभर खाली बसतात आणि संध्याकाळी आम्ही दोघं त्यांना धरून वर नेतो. चुलतभाऊ दिवाळीत आला की मागच्या मोकळ्या जागेवर काय करायचं यावरून वाद घालतो. त्याला तिथे गाडीपुरती जागा हवी आहे, काकांना पारिजातक. यंदा मोजून पाहिलं तर दोन्ही बसतं.